सांडणीस्वाराची कोरी प्रत

कॉमिक वाचण्यासाठी असतं, असं मी अर्धं आयुष्य समजत होतो. हडपसरच्या एका आयटी कंपनीत नोकरीला लागल्यावर तो समज दूर झाला.

तिथे माझं काम सॉफ्टवेअर कसं वापरावं याच्या पुस्तिका लिहिण्याचं होतं. त्या कोणीही वाचत नसे, तेव्हा न वाचल्या जाणाऱ्या छापील कागदाबद्दल खरं तर मला आपुलकी वाटायला हवी. आमच्या टीमचा लीड माझ्याहून बराच लहान, मूळचा अकोल्याकडचा, कामात हुशार. माझे केस पिकलेले असल्यामुळे तो मला सर म्हणायचा. त्याने हडपसरच्या पुढे मांजरी गावात तीन बेडरूमचा फ्लॅट घेतला होता आणि त्यातल्या एका बेडरूममध्ये कोणी झोपत नसे. ती कॉमिक्सची खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, दिवसरात्र एसी, लोखंडी कपाटं आणि कपाटांत प्लॅस्टिकच्या पारदर्शक पिशव्यांत घातलेली, पाठीला पुठ्ठा लावलेली, तोंड चिकटवून टाकलेली कॉमिक्स. त्याने मला ती खोली दाखवली तेव्हा चपलाच नव्हे, मोजेही काढायला लावले. बाहेर त्याची आई दिवाणावर बसून लसूण सोलत होती.

"त्या पुस्तकायले थंड हवा लागते म्हंते," ती मला म्हणाली. "मले पंखा पुरते."

कॉमिक्स जमवणाऱ्या या लोकांची एक वेगळी भाषा होती. पानं पिवळी पडली, टाचणी गंजली, कोपरा मुडपला की प्रत उतरली. सगळ्यात कनिष्ठ प्रत म्हणजे वाचलेली. "रीडिंग कॉपी आहे सर ती," असं तो ज्या स्वरात म्हणायचा, त्या स्वरात आमच्याकडे मऊ पडलेल्या टोमॅटोला 'आमटीत घाल' म्हणतात. त्याच्या संग्रहातली कॉमिक्स त्याने वाचली आहेत का, असं मी सरळ विचारलं. तो हसला. लहानपणी वाचायला मिळाली नाहीत म्हणून आता घेतो, असं म्हणाला. आता मिळाली आहेत तर आता वाच, हे साधं उत्तर मला सुचलं होतं, पण मोजे नसलेल्या पायांनी वाद घालता येत नाही.

पुण्यात तिघांना एकच गोष्ट हवी असली की मंडळ निघतं. यांचंही निघालं होतं. अध्यक्ष, कार्यवाह, खजिनदार आणि सल्ला देण्यासाठी आणखी चौघं. दर रविवारी सकाळी ते एका हॉटेलात जमून इडली खात आणि कुठलं कॉमिक पुढच्या वर्षी वर जाईल याची चर्चा करत. अध्यक्ष आधी प्लॉटचे व्यवहार करायचे, मग शेअर्स, मग काही काळ तैलचित्रं. "जमीन जागेवर पडून राहते," त्यांनी मला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. "कॉमिक जपावं लागतं. म्हणून यात संस्कार आहेत." हे वाक्य त्यांनी पुढेही बऱ्याच वेळा वापरलं. मला वाटतं, तैलचित्रांच्या वेळीही तेच असावं.

एक दिवस डबा खाताना लीडने सहज सांगितलं, की पेठेतल्या एका बंद पडलेल्या प्रकाशनाच्या गोदामात एका जुन्या मराठी चित्रकथेचे न विकले गेलेले गठ्ठे सापडलेत आणि मंडळाने ते उचललेत. चित्रकथा एका सांडणीस्वाराची होती, उंटावरून टपाल नेणाऱ्या जासुदाची.

"ती माझ्या आतोबांनी काढलेली," मी म्हणालो.

त्याचा घास हातातच राहिला. "सर, ते आहेत?"

"आहेत म्हणजे?"

"म्हणजे, हयात?"

"आहेत. ऐंशीच्या पुढे आहेत."

त्याचा चेहरा उजळला आणि मग जरा विचारात पडला. "तब्येत कशी असते काकांची?" त्याने विचारलं. आजकालच्या मुलांना वडीलधाऱ्यांची एवढी काळजी असते हे बघून मला बरं वाटलं होतं. आता ते आठवलं की अन्न जात नाही. सहीवाल्या प्रतीची किंमत सही करणारा गेला की चढते, हे त्यानेच मला नंतर सांगितलं, गणिताचं सूत्र सांगावं तसं, अजिबात न लाजता.

आतोबा, म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, खडकवासल्याच्या अलीकडे एका लहान फ्लॅटमध्ये राहत. आयुष्यभर त्यांनी पोटासाठी चित्रं काढली होती. साबणाची खोकी, उदबत्तीचे पुडे, फटाक्यांच्या पुडक्यांवरच्या बायका आणि वाघ. त्या सगळ्याबद्दल ते तुच्छतेने बोलत. अभिमान एकाच गोष्टीचा, सांडणीस्वाराचा. आमच्या घरातल्या प्रत्येक लग्नात, मुंजीत आणि बाराव्याला त्यांनी उंटाबद्दल सांगितलेलं आहे. उंट चालताना एका बाजूचे दोन्ही पाय एकदम उचलतो, घोडा तसं करत नाही. सर्कशीच्या तंबूमागे बसून त्यांनी हे टिपलं होतं. त्या काळी पुण्यातल्या कुठल्याही चित्रकाराला हे ठाऊक नव्हतं, असं ते म्हणत.

"उंट पुरे," आत्या म्हणायची. "जिलेबी संपत आलीय, आधी ती घ्या."

गर्विष्ठ होते, यात शंका नाही. दुसऱ्या कोणाचं चित्र त्यांना कधी आवडलेलं मी ऐकलं नाही. पण त्यांच्याकडे स्वतःच्या चित्रकथेची एकही प्रत नव्हती. मूळ चित्रं प्रकाशकाकडे राहिली आणि कुठे गेली कोणास ठाऊक. मिळालेल्या प्रती नातेवाइकांच्या पोरांनी फाडल्या, त्यांत मीही होतो. शेवटची प्रत एक संपादक वाचायला म्हणून घेऊन गेले आणि पुण्यात पुस्तक वाचायला नेणं म्हणजे काय ते सांगायला नको.

मी गोदामाची बातमी दिली तेव्हा आतोबा खुर्चीत सरळ झाले.

"एकदा बघायचंय मला," ते म्हणाले. "चांगलं झालं होतं, की मला नुसतं तसं वाटायचं, एवढंच."

"वाटायचंच," आत्या आतून म्हणाली.

"तू गप्प बस. तू बघितलं तरी होतंस का नीट?"

"सगळी पानं, पेन्सिलच्या रेघा खोडरबराने पुसून, मीच दिली होती प्रकाशकाला."

मी लीडला सांगितलं, आतोबांना एक प्रत द्या. गठ्ठे सापडलेत ना. तो अडखळला. मग कॉफी मशिनपाशी नेऊन त्याने मला खरं काय ते सांगितलं. गठ्ठ्यांतल्या निवडक कोऱ्या प्रती ठेवून बाकीच्या त्यांनी नष्ट केल्या होत्या. बाजारात जास्त आल्या तर भाव राहत नाही. रद्दीत घातल्या असत्या तर रद्दीवाल्याकडून परत फिरून आल्या असत्या, म्हणून शनिवारी, ऑफिसला सुट्टी असताना, आमच्या मजल्यावरच्या कागद कातरण्याच्या मशिनमध्ये त्यांनी त्या घातल्या. टाचण्यांमुळे मशिन अडकत होतं, तर अध्यक्षांनी स्वतः बसून टाचण्या काढल्या.

"चांगल्या होत्या प्रती?" मी विचारलं.

"बऱ्याच निअर मिंट होत्या सर, जवळजवळ कोऱ्या," तो खेदाने म्हणाला. "पण काय करणार."

त्या मशिनच्या बादलीतल्या कागदी शेवया आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत मखराखाली पसरायला नेत. त्या वर्षी रंगीत होत्या, हे मला आठवलं. मी कॉफी ओतून दिली.

मंडळाने आतोबांचा सत्कार करायचं ठरवलं. मी नको म्हणणार होतो, पण लीडने शब्द दिला की कार्यक्रमात काका स्वतः प्रत हातात घेऊन बघतील, त्याची जबाबदारी. देणं शक्य नाही, बघता येईल. आतोबांना तेवढं पुरे होतं. त्यांनी ठेवणीतला कोट काढला. आत्याने डांबरगोळीचा वास जावा म्हणून तो दोन दिवस गॅलरीत टांगला.

सदाशिव पेठेतल्या एका शाळेचा छोटा हॉल. वेळेवर सुरुवात. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, अध्यक्षांच्या मुखातून संस्कार. मग मानपत्र. त्यात आतोबांना रेषेचे सम्राट, रंगांचे ऋषी आणि महाराष्ट्राच्या बालमनाचे शिल्पकार असं म्हटलं होतं. अख्ख्या सांडणीस्वारात जेवढे शब्द असतील त्याहून मानपत्रात जास्त होते. ज्याने ते वाचलं त्याने चित्रकथेचं नाव दोनदा चुकीचं घेतलं. शाल घातली, श्रीफळ दिलं. आतोबा मान हलवत होते, पण त्यांचं लक्ष टेबलावर होतं. तिथे पांढऱ्या कापडावर पिशवीबंद प्रतींची चवड ठेवली होती आणि शेजारी पांढरे सुती हातमोजे.

एकेक पिशवी उघडून प्रत पुढे ठेवायची, आतोबांनी सही करायची, खजिनदाराने शाई वाळेपर्यंत थांबून पुन्हा पिशवी बंद करायची, अशी योजना होती. शाईही खास मागवलेली. कार्यवाहाने आतोबांच्या हातांत ते मोजे चढवले आणि पहिली प्रत समोर आली.

"मुखपृष्ठावर, उजव्या कोपऱ्यात," अध्यक्ष वाकून म्हणाले. माईक चालू होता, तेव्हा सगळ्यांना ऐकू आलं. "आत उघडायची आवश्यकता नाही, गुरुवर्य."

"मला उघडायचीय."

"कार्यक्रमानंतर निवांत बघावी आपण."

"अहो, मी ऐंशी ओलांडली. नंतर म्हणजे कधी?"

त्यांनी हातमोजे काढले आणि एकावर एक नीट ठेवले. मग चष्मा पुसला, अंगठा जिभेला लावला आणि पान उलटलं.

हॉलमध्ये पहिल्या दोन रांगांतून जो आवाज आला तो मी फक्त कडेवरून पोर निसटताना ऐकला आहे. खजिनदार उठून उभा राहिला. अध्यक्षांनी हात पुढे केला आणि मागे घेतला, कारण म्हाताऱ्याच्या हातातून ओढली तर फाटणार. आतोबा वाचत होते. प्रत्येक पानाला अंगठा जिभेवर. फोटोग्राफरने चांगले चार-पाच फोटो काढले. कार्यवाह घड्याळाकडे बघत होता, कारण पुढे हॉलमध्ये वैदिक गणिताचा क्लास होता.

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. पहिल्या काही पानांना ते हसत होते, ओळखीचं माणूस भेटल्यावर हसतात तसं. मग ओठ मिटले. मग ते एका पानावर थांबले, मागचं पान काढलं, पुढचं काढलं, कागद डोळ्यांजवळ नेला. त्यानंतरची पानं त्यांनी भराभर उलटली. शेवटी प्रत मिटून टेबलावर ठेवली.

"उंट चुकलाय," ते माईकमध्ये म्हणाले.

कोणालाच काही कळलं नाही. अध्यक्ष म्हणाले, "आपण काय म्हणालात?"

"पाय घोड्याचे आहेत. सगळ्या पानांवर. एकही उंट उंटासारखा चालत नाही." त्यांनी चष्मा काढला. "माणसांना माना नाहीत. विहिरीवरची बाई बरी आहे, पण ती मी कुठून तरी उचललेली असणार."

"छे, छे. अभिजात कलाकृती आहे, गुरुवर्य."

"तुम्ही वाचलीत?"

"आमच्याकडे सगळ्या कोऱ्या प्रती आहेत," अध्यक्ष म्हणाले, आणि हे उत्तर झालं असं त्यांना मनापासून वाटलं.

आतोबांनी सभागृहाकडे बघितलं. "कोणी वाचलीय इथे?"

मंडळाचे सगळे पदाधिकारी, सभासद, त्यांच्या बायका, वर्तमानपत्रातला एक वार्ताहर. मी एकट्याने हात वर केला.

"तुला काय कळत होतं तेव्हा," आतोबा म्हणाले. "चड्डीत होतास."

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं. "यावर मी सही करणार नाही."

पुढचा पाऊण तास मला आठवायला नको वाटतो. आधी विनंत्या झाल्या. मग अध्यक्षांनी सह्यांमागे काही मानधन देता येईल असं सुचवलं, आणि आतोबा त्यांच्याकडे नुसते बघत राहिले तेव्हा रक्कम वाढवली. खजिनदार म्हणाला, चांगलं-वाईट ठरवणं हा चित्रकाराचा अधिकारच नाही, ते बाजार ठरवतो. मानपत्र वाचणारा म्हणाला, शाल घेतलीय ना. लीड बिचारा आतोबांच्या खुर्चीशी उकिडवा बसला. त्याचे हात जोडलेले होते.

"काका, खूप इन्व्हेस्टमेंट आहे हो आमची यात."

"मग उंटच घ्यायचा होतात," आत्या पहिल्या रांगेतून म्हणाली. "पाय तरी बरोबर निघाले असते."

बाहेर क्लासची मुलं दप्तरं घेऊन खोळंबली होती, म्हणून ते संपलं. चहा ठरला होता तो झाला नाही. शाल परत मागितली नाही, पण खास शाईचं पेन खजिनदाराने आतोबांच्या खिशातून काढून घेतलं. नारळ खवट निघाला, हे आत्याने मला दुसऱ्या दिवशी फोन करून कळवलं.

मी त्यांना गाडीतून घरी सोडलं. सिंहगड रस्ता नेहमीसारखा तुंबलेला.

"इतकी वर्षं चारचौघांत सांगत आलो," आतोबा म्हणाले.

"आता नका सांगू म्हणजे झालं," आत्या म्हणाली.

"मी बरोबर काढले होते. मला आठवतंय मी बरोबर काढले होते."

आत्याने यावर काही टोमणा मारला नाही. पुढच्या सिग्नलला म्हणाली, "फटाक्यांवरचे वाघ चांगले असायचे तुमचे."

"ते कोणी ठेवले नाहीत."

"जाळायलाच होते ते."

मला त्या उंटाचं काही वाटलं नव्हतं. चित्रकाराचं एक चित्र फसतं, हे जगात सगळीकडे होत असतं. मला शिसारी बसली ती हॉलमधल्या माणसांची. एका म्हाताऱ्याला आपली उमेदीची वर्षं वाया गेली का, हे चारचौघांत कळत होतं, आणि त्या वेळी पहिल्या दोन रांगा त्याच्या अंगठ्याकडे बघत होत्या.

सोमवारी लीड माझ्याशी बोलला नाही. नंतर बोलायला लागला, कारण मार्ग निघाला होता. त्याने मला संगणकावर जाहिरात दाखवली. आतोबांनी हाताळलेली ती एकच प्रत स्वतंत्र विक्रीला होती. चित्रकाराने स्वतः वाचलेली एकमेव प्रत, पानांवर त्याच्या ओल्या अंगठ्याच्या खुणा, सोबत प्रत्यक्ष वाचतानाचं छायाचित्र. सहीच्या प्रतीला त्यांनी जो भाव धरला होता त्याच्या कितीतरी वर. आणि तेवढी देऊ करणारी दोन गिऱ्हाइकं, एक बंगलोरचं आणि एक परदेशातलं.

"म्हणजे आता रीडिंग कॉपी चालते," मी म्हणालो.

"ही वेगळी सर. आणि त्यांनी सही नाकारली, हा पण एक अँगल आहे. आता अजून एखादी काकांनी अशीच वाचली ना..." माझा चेहरा बघून त्याने ते वाक्य सोडून दिलं. "पण बाकी तब्येत ठीक ना त्यांची?"

मी त्यानंतर डबा माझ्या जागेवरच खायला लागलो.

आतोबांना हे सांगू नये असं मला वाटत होतं, आणि सांगितल्याशिवाय राहवतही नव्हतं. निदान एक माणूस तरी माझ्याबरोबर संतापावा. एका रविवारी गेलो. ते गॅलरीत पेपर वाचत होते. मी जाहिरातीचं सांगितलं, थुंकीचं सांगितलं, दोन गिऱ्हाइकांचं सांगितलं. मग कातरण्याच्या मशिनचंही सांगितलं. आत्या चहा घेऊन आली होती, ती ऐकत दारात उभी राहिली.

"किती कातरल्या?" आतोबांनी विचारलं.

"बहुतेक सगळ्याच."

त्यांनी पेपराची घडी घातली. ते चिडतील म्हणून मी थांबलो होतो.

"आणि ही जो घेईल तो आत उघडून बघेल?"

"नाही. पिशवीतून काढली की भाव जातो. कपाटात ठेवतात."

ते बशीत चहा ओतून निवायची वाट बघत बसले. मग एक घोट घेतला.

"आणि बाकीच्या? त्याही बंदच आहेत ना सगळ्या?" त्यांनी विचारलं. "एकदा खात्री करून घे."